बरक्या फणसाची बाजू

दिवाळीच्या अंकासाठी मी फणसावर लिहायला बसलो आहे, हे कळल्यावर आमच्या घरात थोडी कुजबुज झाली. या दिवसांत आवळ्यावर लिहावे, फार तर सीताफळावर. फणस हा काय कार्तिकातला विषय आहे, असा एकूण सूर होता. हरकत मान्य आहे. या दिवसांत फणसाच्या झाडाकडे पाहिले तर जाड, गर्द, चकचकीत पानांपलीकडे पाहण्यासारखे काही नसते. पण झाडाचे भवितव्य मात्र याच दिवसांत ठरते. पाऊस थांबून वाटा सुकल्या की लाकूडवाले कोकणातल्या वाड्यांतून फिरू लागतात. आणि सुट्टीच्या निमित्ताने मुंबई-पुण्याची मंडळी गावच्या घरी जमली म्हणजे ‘या झाडाचे काय करायचे?’ हा प्रश्न पडवीत निघतो. मे महिन्यात तो काढण्याची कोणाची छाती होत नाही, कारण तेव्हा तोंडात गरा असतो.

निमित्त एका पत्राचे झाले. डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींनी यजमानांच्या निवृत्तीनंतर माणगावच्या बाजूला चार गुंठे जागा घेतली आहे. एक फणस लावण्याइतकी जागा राखली आहे. त्या विचारतात, ‘कापा लावावा की बरका? रोपवाटिकेतले गृहस्थ म्हणाले, बरका हल्ली कोणी मागत नाही, म्हणून आम्ही ठेवतही नाही.’ बाईंच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता आले असते. पण रोपवाटिकेतल्या त्या गृहस्थांचे वाक्य माझ्या मनातून जाईना. तेव्हा आजचा हा लेख म्हणजे बरक्याची वकिली आहे असे समजावे. अशिलाकडून फी मिळण्याची आशा नाही.

घाटावरच्या वाचकांसाठी आधी दोघांची ओळख करून देतो. काप्या फणसाचा गरा टणक, सुटा, दाताखाली करकर वाजणारा. तो बोटांत धरता येतो, कागदात बांधता येतो, दादरच्या बाजारात तराजूत घालून विकता येतो. बरक्याचा गरा मऊ, रसाळ, तंतूंनी भरलेला. तो चावायचा नसतो. जिभेवर ठेवावा, आठळी बाहेर काढावी आणि बाकीचे आपसूक घशाखाली जाऊ द्यावे. पहिल्यांदा खाणारा शहरी पाहुणा इथेच बिचकतो. बरक्याला सुरीही फारशी लागत नाही. पूर्ण पिकलेला बरका देठ ओढून दोन्ही हातांनी उकलला की उघडतो, आणि मग सबंध आळीला पत्ता लागतो. बाहेरून मात्र दोघांत फरक सांगणे कठीण. अनुभवी माणसे काट्यांवरून आणि दाबून अंदाज बांधतात, पण खरी खात्री झाडाच्या ओळखीनेच होते.

आता काप्याचा विजय का झाला हे उघड आहे. ज्याला प्रवास सोसतो तोच बाजारात टिकतो. एस्टीच्या टपावरून आणि रेल्वेच्या डब्यातून कापा मुंबईला आला. बरका गावातच राहिला. पुढे ‘कापा म्हणजे चांगला, बरका म्हणजे गरीबाघरचा’ अशी एक समजूत शहरात रुजली. खाण्याच्या पदार्थांतही आपण जातीपाती पाडतो, त्यातलीच ही एक. माझ्या परिचयाचे एक सुशिक्षित गृहस्थ बरक्याला ‘तो बुळबुळीत’ म्हणतात आणि हॉटेलात सांदणे मिळाली की दोनदा मागवतात. सांदणे कशाची होतात हे त्यांना सांगण्याचा मोह मी अजून आवरला आहे.

कारण सांदण म्हणजे बरकाच. कोणी काप्याचे गरे यंत्रात वाटून करतात, पण ती सोय झाली. बरक्याचे गरे आठळ्या काढून रोवळीवर किंवा भोकांच्या चाळणीवर चोळायचे. रस खाली पडतो, तंतू वर राहतात. वाटीभर जाडसर तांदळाच्या रव्याला दीड वाटी रस, गोडीच्या मानाने गूळ, मूठभर ओले खोबरे आणि चिमूटभर मीठ. हे मिश्रण काही तास मुरू द्यायचे म्हणजे रवा फुगतो. मग तूप लावलेल्या वाट्यांतून पंधरा-वीस मिनिटे वाफवायचे. वर नारळाचे दूध किंवा लोणकढे तूप घ्यावे. यातले नारळाचे दूध कोणी वगळू नये, तूप वगळले तर चालेल. (आमच्या घरी याबद्दल दोन पक्ष आहेत, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.)

फणसपोळी हा दुसरा पदार्थ, आणि तो तर काप्याच्या हातून होणेच नाही. गाळलेल्या रसात थोडी साखर घालून तो तुपाचा हात लावलेल्या ताटात पातळ पसरायचा आणि कडक उन्हात ठेवायचा. एक थर सुकला की त्यावर दुसरा. तीन-चार दिवस सारे घर आभाळाकडे पाहत असते, कारण मृगाचा पाऊस दारात आलेला असतो आणि ढग आला की ताटे आत, गेला की बाहेर. या धावपळीत घरातल्या मुलांचा वाटा मोठा. ताटाच्या कडेचा अर्धवट सुकलेला रस बोटाने खरवडण्याचा अधिकार त्यांचा असतो. अशी पोळी वर्षभर टिकते. फराळाच्या ताटात चकलीच्या शेजारी तिचे चार तुकडे दिसले की ते घर कोकणचे, हे न विचारता कळते.

कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, काप्याचे तळलेले गरे आणि रसाच्या घाऱ्या यांच्यावर वेगळा लेख होईल. आठळ्यांवर मात्र दोन वाक्ये लिहिलीच पाहिजेत. गरा खाऊन उरलेली आठळी धुऊन, सुकवून, लाल मातीत लडबडवून कोपऱ्यात ठेवली की ती पावसाळ्यात भाजीला येते. निखाऱ्यात भाजली तर मीठ लावून नुसती खाता येते. पुढच्या दुष्परिणामांची चर्चा सभ्य साप्ताहिकात करू नये. आणि काट्यांचे चारखंड गुरांच्या पुढे. इतके वाटप करूनही ज्याच्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही, असे दुसरे फळ मला माहीत नाही. अलीकडे परदेशांत कोवळा फणस डबाबंद करून मांसाऐवजी खातात. त्याचे तंतू मांसासारखे लागतात म्हणे. प्रथिने मात्र त्यात फारशी नसतात, तेव्हा डाळ सोडून कोणी त्याच्या मागे लागू नये.

मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे झाडावरून शब्दाकडे माझे लक्ष जाणारच. संस्कृतातल्या ‘पनस’चा आपण फणस केला, कोकणीने पणस. मल्याळममध्ये तो ‘चक्क’. पोर्तुगीजांनी त्याचे ‘जाका’ केले आणि इंग्रजांनी ‘जॅक’. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, त्यात या जाकाची हकीकत आहे. म्हणजे इंग्रजी कोशातला हा शब्द आपल्याच किनाऱ्यावरून बोटीत बसून गेलेला आहे. पण फणसाच्या प्रत्येक अवस्थेला आणि अवयवाला जितके शब्द मराठीत आहेत – कुयरी, गरा, आठळी, चारखंड, कापा, बरका – तितके शहरातल्या मुलाला आज येतात का? माझ्या वर्गात एकदा ‘आठळी’ म्हणजे काय असे विचारले, तर एकाने ‘आठवा महिना’ असे उत्तर दिले. मुलगा हुशार आहे. त्याच्या घरी गरे येतात ते आठळ्या काढून, प्लॅस्टिकच्या डबीत.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तर हे फळ म्हणजे एक गावच आहे. एका फणसात शेकडो फुलांचा संसार असतो. ज्या फुलाचे फलन झाले त्याचा गरा होतो. ज्यांचे झाले नाही ती फुले चपटे तंतू होऊन गऱ्यांच्या मधल्या जागा भरून काढतात. वड, पिंपळ, उंबर, अंजीर आणि तुती ही सारी फणसाच्याच कुळातली. वटपौर्णिमेला आपल्याकडच्या सुवासिनी वडाला फेऱ्या घालून वाणात आंबा, केळे, जांभूळ, करवंद यांच्याबरोबर फणसाचा गरा देतात. पूजा एका भावाची आणि प्रसाद दुसऱ्याचा! शास्त्रज्ञांनी हे नाते जोडण्याच्या कितीतरी आधी आपल्या आयांनी दोघांना एका ताटाजवळ आणून बसवले होते, हा योगायोग मला फार आवडतो.

आता डोंबिवलीच्या बाईंकडे वळतो. फणसाला पाणी साचलेले मुळीच खपत नाही. उताराची, पाण्याचा निचरा होणारी जागा निवडावी. घरापासून आणि दुसऱ्या मोठ्या झाडापासून तीस-पस्तीस फूट अंतर ठेवावे. फळ खोडाला लागते, वजन दहा-पंधरा किलो सहज भरते. तेव्हा झाडाखाली मोटार उभी करण्याचा बेत यजमानांच्या मनात असल्यास तो आजच मोडून काढावा. खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल. त्यात चांगली माती व कुजलेले शेणखत. रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी आणि थोडी सावली हवी. आठळीपासून लावायचे तर आठळी ताजी हवी. काही आठवड्यांत तिची उगवण्याची शक्ती जाते, म्हणून गरा खाल्ला त्याच आठवड्यात ती जमिनीत गेली पाहिजे. ती शक्यतो कायमच्या जागीच लावावी, कारण फणसाचे मूळ सरळ खोल जाते आणि त्याला जागा बदललेली आवडत नाही. आठळीच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात, कलमाला चार-पाच. कलमाचा सांधा मातीत गाडू नये आणि सांध्याखालून फुटणारे कोंब खुडत राहावे. आणखी एक सांगतो. फणसाच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. नरफुलांची बोंडे काही दिवसांनी काळी पडून गळतात. ती कुयऱ्याच गळाल्या असे समजून दरवर्षी कोणी ना कोणी मला घाबरून लिहिते. ती गळायचीच असतात.

हे झाले कसे लावावे. काय लावावे, इथे खरी अडचण आहे. आठळीपासून आलेले झाड आईसारखेच निघेल असा भरवसा नसतो. परागसिंचन परक्या झाडाकडून होते. गोड बरक्याच्या आठळीतून फिकट बरका उगवतो, कधी कापाही. म्हणूनच कोकणात फणसाचे प्रत्येक जुने झाड ही स्वतंत्र व्यक्ती असते. हापूस सगळीकडे हापूस. पण फणस हा ‘विहिरीकडचा’, ‘गोठ्यामागचा’, ‘पायरीवरचा’ असतो. त्याची चव, रंग, वास, पिकण्याचा पंधरवडा, सारे त्याचे स्वतःचे. असे झाड तोडले तर दुसरे तसे लावता येत नाही. काप्याचे निदान बरे आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण प्रॉलिफिक’ ही काप्याची जात निवडून दिली, तिची कलमे मिळतात. बरक्याची चौकशी करणाराच नाही, म्हणून कलम नाही. कलम नाही म्हणून नवे झाड नाही. आणि जुनी झाडे एकेक करून वखारीत जात आहेत.

लाकूड हाच या झाडाचा वैरी. ते ताजे असताना पिवळेधमक असते, मग वर्षानुवर्षे तांबूस होत जाते. वाळवी त्याला सहसा लागत नाही. आपल्या जुन्या घरांचे दरवाजे, देव्हारे, जेवायचे पाट फणसाचे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडातूनच कोरतात. सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात बौद्ध भिक्षूंची चीवरे याच लाकडाच्या गाभ्यातल्या पिवळ्या रंगात रंगवीत आले आहेत. एवढे गुण असले की दारात गिऱ्हाईक येणारच.

माझ्या आजोळी, संगमेश्वर तालुक्यात, असे एक गिऱ्हाईक गेल्या दिवाळीत आले. तिथे दोन मामांच्या हिश्शांच्या मधल्या गडग्यावर एक बरका उभा आहे. आजोबांच्या आईने लावलेला, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. त्याला ‘साखऱ्या’ म्हणतात. थोरल्या मामांच्या मुलाला तिथे स्लॅबचे घर बांधायचे आहे. त्याचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. फणस उतरवायला चढणारा माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी फळांच्या किमतीहून जास्त. गेल्या वर्षी निम्मी फळे झाडावरच फुटली आणि माश्यांचे मोहोळ घरात आले. ‘काकू,’ तो धाकट्या मामींना म्हणाला, ‘पंधरा दिवस रस आणि साडेअकरा महिने पाला झाडायचा. आणि खाणारं कोण उरलंय इथं? तुम्ही आणि कावळे.’

मामी सत्तरी ओलांडलेल्या. त्या घरात फणसपोळी घालणारे आता त्यांचेच दोन हात. त्यांनी शांतपणे विचारले, ‘लाकडाचे पैसे किती देतो म्हणाला?’ त्याने आकडा सांगितला. मामी म्हणाल्या, ‘बरा आहे आकडा. त्यातनं साखऱ्याचा रस कुठल्या वखारीत मिळतो तेवढं विचारून ठेव.’

ठेकेदार त्या दिवशी परत गेला. पुढे कायद्याचा विषय निघाला. महाराष्ट्रात १९६४ साली झाडे तोडण्यावर नियंत्रण घालणारा कायदा झाला, तेव्हा त्याच्या परिशिष्टात साग, खैर, चंदन यांच्या पंक्तीत आंबा, चिंच, जांभूळ आणि फणस यांचीही नावे घातली गेली. आपल्या शेजारी श्रीलंकेने असा कायदा त्याही आधी, १९५१ साली केला, आणि त्यात फणस आहेच. तिथे या झाडाला भाताचे झाड म्हणतात. तांदूळ नसेल तेव्हा कच्चा फणस शिजवून माणसे जगली आहेत. आर्थर डायस नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दहा लाख फणस लावण्याची मोहीम काढली, आणि लोकांनी त्यांचे नावच ‘कोस मामा’, म्हणजे फणसमामा, ठेवले. केरळ सरकारने २१ मार्च २०१८ रोजी फणसाला राज्यफळ केले. आपल्याकडे फणसाला असा मान नाही. पण परवानगीचा अर्ज करावा लागतो, आणि अर्ज म्हटला की कामाला विलंब लागतो, हाही एक प्रकारचा मानच समजावा.

मला मात्र जास्त धीर आला तो कर्नाटकातल्या एका हकिकतीने. तुमकूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या वाडीत वडिलांनी लावलेला एकच फणस होता. फळ लहान, सरासरी अडीच किलोच्या आसपास, पण गरे तांबड्या तांब्याच्या रंगाचे आणि चव अशी की लोक लांबून येत. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील फळबाग संशोधन संस्थेने ते झाड तपासले, त्या शेतकऱ्याच्या वडिलांच्या नावावरून जातीचे नाव ‘सिद्दू’ ठेवले, आणि २०१७ साली त्याच्याशी करार केला. कलमे विकली जातात त्याचा मोठा वाटा त्या शेतकऱ्याला. एका झाडाची हजारो झाडे झाली, आणि मूळ झाड जागेवरच आहे.

ही हकिकत मी मामींना फोनवर सांगितली. त्यांना संस्था, करार यांत रस नव्हता. त्यांनी एवढेच विचारले, ‘म्हणजे काडी घेऊन बांधली की साखऱ्या तसाच्या तसा येतो?’ तसाच्या तसा येतो, असे मी सांगितले. चार दिवसांनी त्यांनी शेजारच्या गावातून कलमे बांधणारा माणूस आणवला. त्याने साखऱ्याच्या दहा काड्या कोवळ्या रोपांवर बांधल्या. त्यातल्या चार लागल्या. एक मामींनी स्वतःच्या हिश्शात, खालच्या अंगाला लावले आहे. एक थोरल्या मामांच्या सुनेने मागून घेतले. नवऱ्याला सांगून की न सांगून, हे मी विचारले नाही. तिसरे डोंबिवलीच्या बाईंना कबूल केले आहे. चौथ्यासाठी मामींकडे तिघे जण येऊन गेले, त्यात एक ते कलमे बांधणारेच.

जुना साखऱ्या अजून उभा आहे. जमीन सामाईक असल्यामुळे अर्जावर दोन्ही हिश्शांच्या सह्या हव्यात. एक झाली आहे. यंदा भाऊबीजेला सगळी भावंडे आजोळी जमणार आहोत, तेव्हा पडवीत तो विषय निघेलच. मामींनी मे महिन्यात घातलेल्या पोळीचा एक डबा त्या दिवसासाठी न उघडता ठेवला आहे.